पिनेच्या जागी तार

'ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो' म्हणत गिऱ्हाईक आलं की मी पान्याला हात लावत नसे. आधी विचारायचो, कोणत्या रस्त्यानं आलात? आमच्याकडचे रस्ते मधे फुगीर आणि कडेला उतरते. डाव्या कडेनं चाललेला ट्रॅक्टर डावीकडंच ओढणार. तो दोष रस्त्याचा, ट्रॅक्टरचा नव्हे. मग पुढच्या दोन्ही टायरांतली हवा बघायचो. एकात हवा कमी असली तरी ट्रॅक्टर तिकडं झुकतो. कितीतरी गिऱ्हाइकं मी नुसती हवा भरून परत पाठवली. 'असा धंदा केला तर चूल कशी पेटायची?' असं माझी बायको कमल म्हणायची. पण चूल पेटली. उशिरा का होईना, रोज पेटली.

कुरुंद्याहून वसमतच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला पत्र्याचं एक शेड आहे. तिथं मी तीस-बत्तीस वर्षं ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणून काम केलं. इंजिन खोलायचो, क्लच बसवायचो, सगळं करायचो. पण माझं नाव झालं ते पुढच्या चाकांमुळं. औंढ्यापासून लोक जुने ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि म्हणायचे, 'उत्तम मिस्त्री, चाकं तेवढी लावून द्या.'

चाकं लावणं म्हणजे काय, ते ज्यानं ट्रॅक्टर कधी खालून पाहिला नाही त्याला सांगतो. तुम्ही सरळ उभे राहा आणि दोन्ही पायांचे अंगठे किंचित आत वळवा. ट्रॅक्टरची पुढची चाकं तशी हवीत. मागच्यापेक्षा पुढच्या बाजूला दोन-चार मिलिमीटर जवळ. ट्रॅक्टर चालायला लागला की जमिनीच्या रेट्यानं ती जराशी बाहेर फाकतात आणि बरोबर सरळ होतात. आधीच सरळ ठेवली तर चालताना बाहेर फाकतात, स्टिअरिंग थरथरतं आणि टायर झिजतो. तो झिजलेला टायर हाताला कळतो. तळहात एका बाजूनं फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर करवतीसारखा टोचतो.

मोजायची रीत सोपी आहे. लाइट फिटिंगच्या दोन पाइपा एकात एक सरकवून मी माझं माप बनवलं होतं. टायरच्या आतल्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, दोन्हीकडं खडूची खूण करायची. पुढून अंतर घ्यायचं. मग ट्रॅक्टर ढकलून चाक अर्धा फेरा फिरवायचं म्हणजे त्याच खुणा मागं येतात. तिथलं अंतर घ्यायचं. दोन्हींतला फरक म्हणजे चाकांची चाल. ती कमी-जास्त करायची तर दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, टाय रॉड, लांब किंवा आखूड करायचा. त्यासाठी जुन्या ट्रॅक्टरवर त्याचं एक टोक नट काढून सोडवावं लागतं. काम झालं की टोक पुन्हा बसवायचं, नट आवळायचा, आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालून तिचे दोन्ही पाय वाकवायचे. बस्स. या कामात अवघड काही नाही. फक्त घाई चालत नाही.

तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली. साखऱ्याचे एक म्हातारे होते, मारोतराव. त्यांच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग पाव फेरा मोकळंच फिरायचं, मग चाकं हलायची. मी दिवसभर बसून सगळे झिजलेले सांधे बदलले, चाकं लावली. स्टिअरिंग असं झालं की बोट लावलं तरी चाक ऐकावं. माझी छाती फुगली. आठ दिवसांनी म्हातारा परत.

'मिस्त्री, पहिल्यासारखं करून द्या.'

'काहून? काय बिघडलं?'

'बिघडलं न्हाई. लई सुधरलं. इतके वर्स मी त्या ढिलेपणाच्या हिशेबानं हाकलं. आता सवयीनं फिरवतो अन् ट्रॅक्टर बांधावर चढून राहिला. काल सुनंच्या भाजीच्या वाफ्यात घातला.'

मी त्यांना शेजारी बसवून मैदानात दोन तास फिरवलं, तेव्हा कुठं त्यांचा हात वळला. माणसालाही चाल लावावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. अशा गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. जी सांगायला बरी वाटत नाही ती आता सांगतो, कारण ती सोडून बाकीचं लिहिलं तर ते लबाडीचं होईल.

मी बौद्ध समाजातला. वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. नांदेडला एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं हात काळे करून मी गावी परतलो आणि शेड टाकलं, तेव्हा माझ्या माठातलं पाणी न पिणारे चार-दोन जण होतेच. पण त्यांच्याही ट्रॅक्टरची चाकं डुलायला लागली की ते माझ्याकडंच यायचे. आधी ट्रॅक्टर आला, मग हळूहळू पाणीही प्यायले. ते नाव मी कामावर मिळवलं होतं. आमच्यातल्या माणसाची एक चूक दहा जणांच्या दहा चुकांएवढी मोजली जाते, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून मी चूक करायची नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. ठरवून चुका टळतात असं मला तेव्हा वाटायचं.

ही गोष्ट चार-पाच वर्षांपूर्वीची. हळद काढणीचे दिवस होते. गावातल्या मोठ्या बागायतदारांपैकी एक, बाबाराव, यांचा लाल जुना ट्रॅक्टर माझ्याकडं आला. आणला होता त्यांच्या ड्रायव्हरनं, रशीदभाईनं. रशीदभाई माझ्याच वयाचे. वीस वर्षं तो एकच ट्रॅक्टर चालवत होते. बोलणं कमी, पण ट्रॅक्टरचा आवाज बदलला की त्यांना माझ्या आधी कळायचं. रमजानचा महिना होता, त्यांचा रोजा होता. सावलीत गोणपाटावर बसून ते माझं काम बघत होते.

'थरथर कुठून येते?' मी विचारलं.

'दुसऱ्या गेअरात न्हाई. तिसऱ्यात टाकला की मनगटात येते.'

टाय रॉडचं डावं टोक सोडवलं, मोजलं, लांबी कमी केली, पुन्हा मोजलं. फरक मनासारखा आला. नट आवळला. पिनेच्या डब्यात हात घातला तर त्या मापाची पिन नव्हती. जुनी पिन काढतानाच तुटली होती. वसमतला जाऊन आणायची तर दोन तास मोडणार. तेवढ्यात बाबारावांचा फोन आला.

'मिस्त्री, हळद शिजवायला कुकरवाला थांबलाय माझा. ओली हळद शेतात पडून आहे. सोडा ट्रॅक्टर.'

मी बांधायच्या तारेचा एक तुकडा घेतला, नटाच्या भोकातून ओवला आणि पीळ दिला. वीस वर्षं मी दुसऱ्या मिस्त्र्यांना सांगत आलो होतो की तिथं तार चालत नाही, थरथरीनं तार कापली जाते. आणि त्या दिवशी मीच स्वतःला सांगितलं, एका दिवसाचा तर सवाल आहे.

'उद्या ट्रॅक्टर घेऊन या, एक पिन घालायची राहिली,' असं मला रशीदभाईंना सांगायचं होतं. पण ते किल्ली फिरवत होते, इंजिन सुरू झालं, आणि मी हात हलवून 'जाऊ द्या' म्हणालो. 

तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टर खाली गेला. ट्रॉलीत ओली हळद होती आणि वर दोन बाया बसल्या होत्या. ट्रॅक्टर डावीकडं वळून थेट नालीत घुसला आणि बाभळीवर अडकून थांबला. बाया हळदीच्या ढिगावरून खाली घसरल्या. त्यांचे गुडघे आणि कोपरं सोलली, पण त्या वाचल्या. रशीदभाई फेकले गेले. डावं मनगट मोडलं, डोक्याला मार बसला. त्यांना वसमतला नेलं होतं.

ट्रॅक्टर बाहेर काढायला मला बोलावलं. मी गेलो आणि पहिल्यांदा खाली वाकून बघितलं. टाय रॉडचं डावं टोक मोकळं लोंबत होतं. नट गायब. आणि टोकाच्या भोकात बोटाच्या पेराएवढी तार अडकून राहिली होती.

भोवती दहा-बारा माणसं होती. बाबाराव म्हणाले, 'आपटल्यानं दांडा निसटला दिसतो.'

कुणीतरी म्हणालं, 'रोजा होता त्याचा. उन्हात गरगरलं असंल, डोळा लागला असंल.'

'तेच झालं असणार,' बाबाराव म्हणाले. 'वय पण झालं. मिस्त्री, तुमाला काय वाटतं?'

मी ट्रॅक्टरखाली होतो. माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. मी पक्कडीनं ती तार ओढून काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. 

'व्हय,' मी म्हणालो. 'आपटल्यानं सुटला.'

मग मी नवा नट लावला आणि पिशवीतून पिन काढली. दुर्घटनेच्या आदल्याच दिवशी मी वसमतहून पिनांचा अख्खा डबा आणून ठेवला होता. पिन घालून तिचे पाय नीट वाकवले. आयुष्यात एवढ्या काळजीनं मी पिन कधी वाकवली नसेल.

घरी आलो. कमलला अपघाताचं आधीच कळलं होतं. तिनं विचारलं, 'रशीदभाईला बघून आलात का?'

'उद्या जातो.'

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं. मी म्हणालो, गिऱ्हाईक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली. गावात तोवर बातमी पक्की झाली होती. हॉटेलात, कुकरवर, शाळेच्या पारावर, सगळीकडं एकच बोलणं: रशीदला डुलकी लागली, दोन बाया मरता मरता वाचल्या. बाबारावांनी दुसरा ड्रायव्हर ठेवलासुद्धा. माझ्या शेडवर बसलेले लोकही तेच बोलायचे आणि मी पान्यानं काहीतरी आवळत राहायचो. मी मनाला समजावत होतो की जीव कुणाचा गेला नाही, रशीदभाईंचा हात जुळून येईल. आणि माझं नाव एकदा गेलं तर ते कुणाच्या प्लास्टरनं जुळायचं?

तिसऱ्या दिवशी कमलनं काही विचारलंच नाही. जेवण वाढलं आणि पलीकडं जाऊन बसली. मला ते सोसलं नाही. तिला मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, 'बाबासायबाच्या फोटोपुढं रोज उभे राहता तुमी. आता मला नका सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांगा.'

रशीदभाईंचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. ते बाहेर खाटेवर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. त्यांच्या बायकोनं, जैतूनभाभीनं, माझ्यासाठी चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐकून घ्या. आणि उभ्या उभ्या बोललो. पिन नव्हती, मी तार घातली, ती तुटली, म्हणून नट सुटला. तुमची चूक नव्हती. आणि ती तार मी लपवली.

रशीदभाई ऐकत होते. संतापतील, शिव्या देतील, कदाचित उठून मारतील, अशी तयारी करून मी गेलो होतो.  त्यांनी विचारलं, 'म्हणजे ट्रॅक्टर डावीकडं गेला तवा मी उजवीकडं फिरवलं होतं?'

'व्हय. तुमी फिरवलं असणार. उजवं चाक फिरलं, डाव्यानं ऐकलंच न्हाई.'

त्यांनी डोळे मिटले. 'डोक्याला मार बसला तवापासून मला त्या घडीचं नीट आठवेना. सगळे म्हणून राहिले डुलकी लागली. मी म्हणायचो न्हाई लागली. मग मलाच वाटाया लागलं, लागली असंल. मिस्त्री, तीन रोजे सोडले मी. डॉक्टरच्या गोळ्यांपायी न्हाई. मला वाटलं, रोज्यापायी दोन बाया मेल्या असत्या.'

मी त्यांच्या खाटेपाशी जमिनीवर बसलो.

'रोजे मागून फेडता येतील,' ते म्हणाले. 'पण तीन दिवस मी या हाताला इचारत होतो, तू काहून सोडलंस? तकलीफ मनगटाची न्हाई झाली. याची झाली.'

जैतूनभाभीनं चहाचा कप आत नेला. रशीदभाईंनी मला 'जा' म्हटलं नाही आणि 'बसा'ही म्हटलं नाही. थोड्या वेळानं मी उठून बाबारावांकडं गेलो.

बाबारावांनी ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. 'झालं ते झालं, मिस्त्री. आता कशाला उकरता? तुमचंच नुकसान व्हईल.'

'रशीदभाईंचं झालं त्याचं काय?'

'त्याला मी बोलावून घेतो पुन्हा. हळद झाल्यावर.'

'तेवढ्यानं भागत न्हाई. जिथं जिथं लोक बोलले तिथं सांगावं लागंल.'

'तुमीच सांगा मग,' ते म्हणाले.

मी सांगितलं. पहिल्यांदा हळदीच्या कुकरवर, जिथं वीस-पंचवीस माणसं कामाला होती, त्या दोन बायाही होत्या. वाफेत उभं राहून मी मोठ्यानं सांगितलं, रशीदभाईला डुलकी लागली नव्हती, माझ्या हातून काम कच्चं झालं. त्या दोघींपैकी एक, थोरल्या वयाची, म्हणाली, 'आता सांगून काय? माझ्या सुनंनं रशीदला शिव्याशाप दिले, ते कुणी माघारी घ्यायचे?' मी म्हणालो, ते माझ्या नावावर घाला. तिनं मान वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात सांगितलं. तिथं एक जण हसला आणि म्हणाला, 'मोठा आला चाकं लावणारा.' ते खरंच होतं. मी ऐकून घेतलं.

वर्षभर काम निम्म्यावर आलं. साखऱ्याचे मारोतराव मात्र आले. म्हणाले, 'माझ्या ट्रॅक्टरला तार घातली न्हाई ना?' मी म्हणालो, पिन आहे, या, बघा. ते गुडघे धरत खाली वाकले, बघितलं आणि उठून म्हणाले, 'मला तर काही दिसत न्हाई, पण तुमी म्हणता तर हाय.' 

रशीदभाई बाबारावांकडं परत गेले नाहीत. बोलावणं आलं होतं. ते म्हणाले, ज्यानं वीस वर्षांत माझ्या हाताची पारख केली न्हाई, त्याचं स्टिअरिंग मी धरणार न्हाई. प्लास्टर निघाल्यावर काही दिवस त्यांनी भावाच्या वखारीत काम केलं. रस्त्यात भेटले की सलाम घ्यायचे, थांबायचे नाहीत. मी त्याहून जास्त काही मागू शकत नव्हतो. रोज शेड उघडलं की मी पहिल्यांदा पिनांचा डबा उघडून बघायचो, हे सांगायला हरकत नाही. पण त्यानं रशीदभाईंचे तीन दिवस परत येत नव्हते.

दोन वर्षं अशीच गेली. पोळा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी शेडपुढं एक जुना निळा ट्रॅक्टर येऊन थांबला. रशीदभाई उतरले. डावं मनगट जरा वाकडंच जुळलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या मेहुण्यानं मिळून तो ट्रॅक्टर घेतला होता. 

'तिसऱ्यात टाकला की थरथरतो,' ते म्हणाले.

मी हवा बघितली, चाकांचे सांधे हलवून बघितले, खुणा केल्या, मोजलं. ते गोणपाटावर बसले नाहीत. माझ्या शेजारी उकिडवे बसून प्रत्येक नट बघत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. टाय रॉड बसवला, पिन घातली, पाय वाकवले आणि बाजूला सरकलो. त्यांनी वाकून बोटानं चाचपून बघितलं. मग उठून ट्रॅक्टरवर बसले आणि म्हणाले, 'या. बघू.'

मी त्यांच्या बाजूला मडगार्डवर बसलो. कालव्याच्या कडेचा रस्ता सरळ आणि सपाट आहे. चाकं बरोबर लागली का, हे बघायला मी ट्रॅक्टर तिथंच न्यायचो. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. त्यांनी तिसरा गेअर टाकला. थरथर नव्हती. तपासायचं एकच राहिलं होतं आणि ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. पण ते काम तसंच असतं. 

'हात सोडा, रशीदभाई,' मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले आणि गुडघ्यांवर ठेवले. ट्रॅक्टर चालत राहिला. ना डावीकडं, ना उजवीकडं. कालव्याचं पाणी एका बाजूनं, शेत दुसऱ्या बाजूनं मागं जात होतं. पुढं बाभळी दिसायला लागल्या, तिथं रस्ता वळतो. त्यांचे हात गुडघ्यांवरच होते. वळण जवळ आलं. मी मडगार्डची कड घट्ट धरली.

'रशीदभाई, वळण आलं,' मीच शेवटी म्हणालो.

'दिसून राहिलं मला,' ते म्हणाले, आणि मग सावकाश हात उचलून त्यांनी ट्रॅक्टर वळवला.